भाडेकरूला सगळं विचारता, मग घरात हत्यार आहे का हे का नाही विचारत?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण गारखेडा परिसरात ज्यांनी घर भाड्याने दिलंय आणि ज्यांनी घेतलंय, त्या दोघांनीही शेवटपर्यंत वाचावी. शहरात होस्टेलला किंवा खोलीवर मुलगा ठेवलेल्या गावाकडच्या आईबापांनी तर नक्कीच वाचावी.

जून आला की सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत गेटागेटावर ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागतात. वरचा मजला, मागची खोली, जिन्याजवळचं वन आरके. भाडेकरू बघायला आला की प्रश्नपत्रिका ठरलेली असते. लग्न झालंय का? आडनाव काय? गाव कोणतं? म्हणजे ‘आपल्यातले’ का? नॉनव्हेज करता का घरात? पाहुणे फार येतात का? रात्री गेट कितीला बंद होतं सांगितलं ना? नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तेव्हा पाणी जपून वापराल ना? गाड्या किती?

यातले काही प्रश्न रास्त आहेत, काही सरळ सरळ जात आणि धर्म काढून घेण्यासाठी आहेत. तो वेगळ्या पोस्टचा विषय. आज मुद्दा हा की एवढ्या चौकशीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ‘तुमच्याकडे शस्त्र परवाना आहे का? बंदूक, पिस्तूल, तलवार यातलं काही घरात ठेवणार आहात का?’

हे बोललं की लोक हसतात. “अहो पत्रकार, ही काय अमेरिका आहे का?” असं मला आमच्याच भागातल्या एका घरमालक काकांनी विचारलं. त्यांच्या घरात वर चार मुलं राहतात आणि खाली एक कुटुंब. काका, अमेरिका नाही. पण मराठवाडा आहे. आणि मराठवाड्यात हत्यार किती घरांत आहे, हे गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिलंय.

९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने निघाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो, हवेत गोळीबार केल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. पुढे पोलिसांच्या प्रस्तावावरून जिल्हाधिकाऱ्यांनी शंभराहून अधिक परवाने रद्द केले. आता मला सांगा, बीड, जालना, परभणीकडचे किती लोक पोरांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, धंद्यासाठी आपल्या शहरात घर भाड्याने घेऊन राहतात? माणूस गारखेड्यात राहायला आला, तर त्याच्या परवान्यावरची बंदूक कुठे असते? गावच्या बंद वाड्यात, की तुमच्या वरच्या मजल्यावर? मालकाला माहीत नाही. बऱ्याचदा त्या भागातल्या पोलिसांनाही नसतं.

तलवारींचं तर बोलायलाच नको. मे २०१८ मध्ये शहरात दंगल झाली आणि त्याच महिन्यात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी कुरिअरच्या कार्यालयांतून जप्त केले. २०२२ च्या मार्चअखेर पुन्हा कुरिअरनेच आलेल्या ३७ तलवारी शहरात पकडल्या. ही पार्सलं कुणाच्या तरी घरच्या पत्त्यावरच जायची होती. आणि गावठी कट्ट्याचं म्हणाल, तर सातपुड्यातल्या, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टी गावाचं नाव जळगावपासून पुण्यापर्यंतच्या गुन्ह्यांत पुन्हा पुन्हा येतं. क्राइमच्या बातम्या करताना ‘आर्म्स ॲक्ट ४/२५ सह मपोका १३५’ ही ओळ मी इतक्यांदा लिहिलीय, की आता हात आपोआप चालतो.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत बघू. घरात सापडू शकणारं हत्यार तीन प्रकारचं असतं.

एक, परवान्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक-पिस्तूल बाळगायला परवाना लागतो. आपल्या शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आधी तीन चालायच्या. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हीसुद्धा याच दुरुस्तीतली तरतूद.

दोन, बिनपरवान्याचं. म्हणजे कट्टा. त्याच दुरुस्तीने किमान शिक्षा दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं केली.

तीन, धारदार. तलवार, खंजीर, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा. घरकामाची, शेतीची अवजारं यातून वगळलेली आहेत, त्यामुळे विळी-कोयत्याला घाबरायचं कारण नाही. पण अधिसूचित भागात विनापरवाना तलवार बाळगली तर कलम ४ आणि २५ लागतं. वर शस्त्रबंदीचा आदेश चालू असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५. ‘दादाचा बर्थडे’ म्हणून गच्चीवर तलवारीने केक कापणाऱ्यांवर पोलीस हीच कलमं लावतात.

आता हे तिन्ही प्रकार भाड्याच्या घरात आले, तर काय होतं?

आधी परवान्याच्या बंदुकीचं बघू, कारण लोकांना वाटतं परवाना आहे म्हणजे विषय संपला. तसं नाहीये. परवान्यावर पत्ता असतो. राहायचं ठिकाण बदलून तुम्ही हत्यार सोबत आणलं, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमीही घेतलेली आहे. म्हणजे ते कुलुपात हवं, पोराबाळांच्या हाती लागता कामा नये. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, परवाना जातो तो वेगळाच.

पण जिथे अख्खं कुटुंब दोन खोल्यांत राहतं, एकच गोदरेजचं कपाट आणि त्याची चावी फ्रिजवर ठेवलेली, तिथे ‘सुरक्षित’ कसं ठेवणार? बँकेबाहेर, कॅश व्हॅनवर जे सुरक्षारक्षक बाराबोरी घेऊन उभे असतात, त्यांच्यातले कितीतरी स्वतःच्या परवान्यावर काम करतात. ड्युटी संपली की बंदूक जाते त्यांच्याबरोबर, तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत. त्या खोलीत लोखंडी कपाट आहे का, हे कोण बघतं? एजन्सी म्हणते तो त्याचा परवाना. मालक म्हणतो मला काय माहीत. २०२४ च्या अखेरीस शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बनावट परवान्यांवर बंदुका घेऊन रक्षकाची नोकरी करणारे पकडले गेले. तेही कुणाच्या तरी खोलीत भाड्यानेच राहत असणार ना?

यात रक्षकांना बदनाम करायचं नाहीये. बारा तास उभं राहून तुटपुंजा पगार घेणारा माणूस आहे तो. त्याला हत्यार ठेवायला सुरक्षित जागा देणं ही काम देणाऱ्याची नैतिक जबाबदारी आहे. पण ती घेतली जात नाही, म्हणून धोका घरमालकाच्या आणि शेजाऱ्याच्या दारात येतो.

आता पोरांचं. हा भाग आईबापांसाठी.

विभागीय क्रीडा संकुलावर पहाटे पाचला जाऊन बघा. पोलीस भरतीची, आर्मीची तयारी करणारी शेकडो पोरं धावत असतात. गावाकडून येतात, चौघं मिळून एक खोली घेतात, भाडं वाटून घेतात, मेसचा डबा लावतात. समजा त्या चौघांतल्या एकाने रील करायला तलवार आणली आणि पलंगाखाली ठेवली. किंवा त्याच्या ‘भाऊ’ने दोन दिवसांसाठी एक पिशवी ठेवायला दिली. बाकीच्या तिघांनी बघितली आणि गप्प बसले. मित्र आहे, कशाला वाकड्यात शिरायचं?

शस्त्र अधिनियमाचं कलम ३५ याच प्रसंगासाठी आहे. एकाहून जास्त लोकांच्या ताब्यातल्या जागेत गुन्ह्यातलं हत्यार सापडलं आणि ते तिथे असल्याचं ज्यांना ज्यांना माहीत होतं असं मानायला कारण आहे, त्या प्रत्येकाला स्वतः एकट्याने गुन्हा केल्यासारखं जबाबदार धरता येतं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. पुढचं कलम ३६ म्हणतं, या कायद्याखालचा गुन्हा घडतोय हे ज्याला माहीत आहे, त्याने वाजवी कारण नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलंच पाहिजे. हे कलम रूममेटलाही लागू आहे आणि घरमालकालाही.

म्हणजे रील एकाची आणि गुन्हा चौघांवर. नंतर निर्दोष सुटतीलही. पण भरतीच्या वेळी साक्षांकन नमुन्यात दाखल गुन्ह्याची माहिती द्यावी लागते आणि चारित्र्य पडताळणीत तो समोर येतोच. तीन वर्षं पहाटे उठून धावलेल्या पोराची वर्दी एका पिशवीपायी जाऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य कोर्टात किती टिकतं याचं टोकाचं उदाहरण मुंबईतलं आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात एका महिलेच्या घरी शस्त्रांची पिशवी काही काळ ठेवली गेली होती. तिच्यावर टाडा होता, आपली उदाहरणं तेवढी गंभीर नाहीत हे मान्य. पण पिशवीत काय आहे माहीत नव्हतं हे तिचं म्हणणं टिकलं नाही आणि २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तिची पाच वर्षांची शिक्षा कायम केली. त्याच दिवशी संजय दत्तलाही शस्त्र कायद्याखाली पाच वर्षं झाली. पेपरात फोटो नटाचा छापून आला. पिशवी सांभाळणारीचं नाव आज कुणाला आठवत नाही.

तेव्हा आईबापांनो, फोनवर ‘जेवलास का’ विचारता तसं ‘खोलीत कुणी नको ती वस्तू आणून ठेवली नाही ना’ हेही एकदा विचारा.

आता घरमालकाचा हक्क किती, ते बघू.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये हत्याराबद्दल एक अक्षर नाही. भाडेकरूला परवान्याची बंदूक ठेवू द्यावीच लागेल असं त्यात नाही, आणि ठेवू देऊ नये असंही नाही. सगळं करारावर सोडलेलं. आणि करार आपण कसा करतो? पाचशेच्या बॉण्डवर, टायपिस्टकडच्या जुन्या मजकुरात नाव आणि रक्कम बदलून, नोटरीचा शिक्का मारून. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. ती जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. म्हणजे ‘हत्यार ठेवायचं नाही असं तोंडी ठरलं होतं’ याला काही किंमत नाही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, शहरात नोंदणी फी एक हजार रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळं. एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमीच जाईल.

बऱ्याच मालकांना वाटतं, काही गडबड दिसली तर सामान बाहेर फेकू. तसं करता येत नाही. कलम १६ मध्ये घर खाली करून घेण्याची जी कारणं आहेत, त्यात बेकायदेशीर वापराचं कारण आहे, पण त्यासाठी दोषी ठरलेलं असावं लागतं. नुसता संशय किंवा नुसता एफआयआर पुरत नाही. शेजाऱ्यांना उपद्रव हे वेगळं कारण आहे, पण तेही कोर्टातच सिद्ध करावं लागतं. वीज-पाणी तोडणं तर कलम २९ ने मनाईच आहे. भाडेकरू बाहेर गेला म्हणून दुसऱ्या चावीने कुलूप उघडून कपाट तपासणं हेही चालत नाही. कलम २८ प्रमाणे घराची पाहणी करता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. हत्याराचा संशय खरंच असेल, तर स्वतः हात लावू नका. ११२ ला फोन करा, नाहीतर जवाहरनगर किंवा पुंडलिकनगर, जे ठाणं लागू असेल तिथे जा. झडती घेणं पोलिसांचं काम आहे.

म्हणून जे करायचं ते चावी देण्याआधी. करारात एवढा मजकूर घाला:

‘भाडेकरू किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्या कुणाकडे शस्त्र परवाना असल्यास त्याची प्रत करारावेळी द्यावी. परवान्यावरील पत्ता बदलल्याची माहिती संबंधित अधिकाऱ्यांना दिल्याचा पुरावा द्यावा. शस्त्र व काडतुसे कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवावीत. घरात, गच्चीवर, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये शस्त्राचे प्रदर्शन करू नये. घर बंद ठेवून बाहेरगावी जाताना शस्त्र घरात सोडू नये. विनापरवाना कोणतेही शस्त्र ठेवल्यास हा करार संपुष्टात येईल.’

नोंदणीच्या वेळी वकिलाला किंवा एजंटला सांगून हे ‘इतर अटीं’मध्ये टाकता येतं. कुणाला हत्यार अजिबातच नको असेल तर तसंही लिहा, ते मालकाचं घर आहे. पण परवाना आहे म्हटलं की माणूस गुंड, असं समजू नका. निवृत्त फौजी असतो, रानडुकरांपासून पीक राखायला वडिलांनी घेतलेली बंदूक असते, नेमबाजी खेळणारी मुलगी असते. अशा माणसाला विचारलं तर तो राग मानत नाही, परवाना काढून दाखवतो.

आणि हो, ही अट एकतर्फी नको. घरमालकाकडेच पिस्तूल असेल तर? भाडं थकलं की कमरेवर हात ठेवून जिन्यात उभा राहणारा मालक काय कमी असतो का? भाडेकरूलाही हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. परवाना हा धाक दाखवायला दिलेला नसतो. धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा होतो, आणि परवाना रद्द करायची मागणी आयुक्तांकडे करता येते.

आता खरा मुद्दा. हे सगळं घरमालकाच्या डोक्यावर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही.

आपल्याकडे दोन दप्तरं आहेत. एक शस्त्र परवान्याचं. प्रत्येक परवान्याला देशपातळीवरच्या नोंदणीतला वेगळा क्रमांक आहे. दुसरं भाडेकरूंच्या माहितीचं. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की घरमालकांनी भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी. असा आदेश आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, त्याची मुदत दोन महिने असते, मग पुन्हा काढावा लागतो. मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३. हे झालं कागदावरचं. पण मी आजवर पाहिलेल्या भाडेकरू माहितीच्या अर्जांत फोटो, आधार, मूळ गाव, नोकरी, ओळखीचे दोन लोक हे सगळं आहे, शस्त्र परवान्याचा रकाना नाही. बंदुकीच्या दप्तरात माणूस केजला राहतो, भाडेकरूच्या दप्तरात तोच माणूस गारखेड्यात राहतो, आणि ही दोन दप्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. त्या जातात जुन्या पत्त्यावर.

म्हणून शहराच्या पोलीस आयुक्तांकडे मागणी साधी आहे. भाडेकरूच्या अर्जात एक रकाना वाढवा: ‘शस्त्र परवाना आहे का? असल्यास क्रमांक.’ तो क्रमांक परवाना शाखेने तपासावा. पत्ता जुळत नसेल तर परवानाधारकाला बोलावून नोंद दुरुस्त करून घ्यावी आणि हत्यार कुठे, कसं ठेवलंय हे ठाण्याच्या कर्मचाऱ्याने एकदा जाऊन बघावं. ब्रिटनमध्ये परवाना देण्याआधी पोलीस घरी येऊन कुलपाचं कपाट बघतात. याला काही कोटींचा निधी लागत नाही. सुरक्षा एजन्सींना रक्षकांच्या बंदुका ठेवायला सामाईक सुरक्षित जागा करायला सांगणंही अवघड नाही. ज्याला हत्यार घरी ठेवायचं नाही, त्याला ते ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा ठेवायची सोय आजही नियमांत आहे. ती लोकांना सांगा तरी.

अमेरिकेचा विषय निघालाच होता म्हणून सांगतो. तिथे मिनेसोटा राज्यात घरमालकाला भाडेकरूच्या कायदेशीर बंदुकीवर बंदी घालता येत नाही, तसा कायदाच आहे. तिथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क. आपल्याकडे तो हक्क नाही. सरकार अटींवर परवाना देतं, आणि अटी पाळल्या जातात का ते बघणं सरकारचंच काम आहे.

आता काही जण म्हणतील, अशाने पोलिसांना भाडेकरू छळायला आणखी एक हत्यार मिळेल. ही भीती खोटी नाही. हत्यार म्हटलं की आपल्या शहरात लगेच मे २००६ चं शस्त्रसाठा प्रकरण निघतं. एके-४७ आणि आरडीएक्स पकडलं होतं, २०१६ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, ८ जण सुटले. तो दहशतवादाचा गुन्हा होता, त्याची शिक्षा झाली. पण त्याचं ओझं आजही खोली शोधत फिरणाऱ्या मुस्लिम पोरांवर टाकलं जातं. आडनाव ऐकून दार बंद करणारे मालक म्हणतात, ‘सेफ्टीसाठी करतो हो.’ आणि त्याच मालकाच्या वरच्या मजल्यावर पांढरी स्कॉर्पिओ, गळ्यात चेन आणि कमरेला पिस्तूल असलेला भाडेकरू येतो, तेव्हा त्याला चहा मिळतो. ‘मोठा माणूस आहे, आपल्याला आधारच झाला.’

यात सुरक्षितता कुठे आहे? आडनाव विचारून हत्यार कळत नाही. हत्यार विचारूनच कळतं. म्हणून म्हणतो, प्रश्न सगळ्यांना सारखा विचारा. मुलाखतीला आलेल्या पोराला, निवृत्त साहेबाला, पुढाऱ्याच्या भाच्याला. नंतर कागदावर सही घ्या. अर्जातला रकाना सगळ्यांना एकच असला की पोलिसांनाही माणूस बघून वागायची मुभा कमी राहते.

गारखेड्याच्या नावातच खेडं आहे. खेड्यात कुणाच्या घरी ठासणीची आणि कुणाच्या घरी बाराबोरी हे पोलीस पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना माहीत असायचं. शहरात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे माहीत नसतं. ती ओळख आता परत यायची नाही, तिच्या जागी निदान कागद तरी नीट पाहिजे.

येत्या आठवड्यात हे निवेदन पोलीस आयुक्तालयात द्यायचा विचार आहे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कमेंटमध्ये कळवा. ज्यांच्या भाडेकराराची मुदत संपत आलीय, त्यांनी नवीन करार करताना वरचा मजकूर कॉपी करून घ्या, विचारायची गरज नाही. आणि ज्यांची पोरं शहरात खोली करून राहतात, त्यांनी आज रात्री एक फोन करा.